समुद्रतळाखालचे थर कसे वाचायचे: सातारा-सांगलीच्या नवशिक्यांसाठी

साताऱ्या-सांगलीत भूशास्त्र शिकायला सुरुवात केली की एक अडचण येतेच. बघावं तिकडे काळा कातळ. अजिंक्यताऱ्यावर चढा, पसरणीचा घाट उतरा नाहीतर जतच्या माळावर फिरा, पायाखाली बेसाल्टच असतो. डोंगरमाथ्यावर कुठे जांभा, नदीकाठी गाळाची माती, बाकी सगळं लाव्ह्याचं. वाळूखडक, शेल, चुनखडी ही नावं पुस्तकात वाचायची आणि प्रयोगशाळेच्या कपाटातल्या मूठभर नमुन्यांवर भागवायचं. खोल बोअरचीही तीच गत. कोयना परिसरात गोठणे इथे घेतलेलं तीन किलोमीटरचं पायलट, म्हणजे चाचणीचं, बोअर २०१७ मध्ये पूर्ण झालं. कराडजवळ हजारमाचीत असलेल्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेचं ते काम. त्या बोअरने १२४७ मीटर बेसाल्ट ओलांडला आणि खाली सरळ ग्रॅनाइट-नाइस लागला. दोघांच्या मध्ये गाळाचा थर नव्हता.

गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर सलग बघायचे तर समुद्राकडे वळावं लागतं. त्यासाठी जहाजावर जायलाच हवं असं नाही. खोदून काढलेल्या नमुन्यांचे फोटो, मोजमापं आणि अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतात. शिवाय त्या गाळाशी आपला संबंध आहे. महाबळेश्वरच्या पठारावरून सावित्री पश्चिमेला उतरते आणि कृष्णा पूर्वेला जाते. एकाच कातळाची झीज दोन्ही समुद्रांत पोचते. सांगलीच्या घाटावर महापूर ओसरल्यावर जो काळा चिखल राहतो, त्याचेच बारीक कण पुढे बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाऊन बसतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. थर वाचणं म्हणजे खडकाला नाव देऊन मोकळं होणं नव्हे. प्रत्येक थराला विचारायचं: तू इथेच साचलास की दुसरीकडून आलास? आला असशील तर सावकाश आलास की एका फटक्यात? या प्रश्नांची उत्तरं न शोधता केलेला लॉग, म्हणजे खोलीनुसार थरांची नोंद, दिसायला कितीही नेटका असला तरी कामाचा नाही.

कुठलं भोक घ्यायचं

सरावाला अरबी समुद्रातलं घ्या. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत जॉइडीस रेझोल्यूशन हे खोदकाम करणारं जहाज या समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यावर उभं होतं. आयओडीपी या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची ती मोहीम क्रमांक ३५५. धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. खोदकाम दोन जागी झालं, यू१४५६ आणि यू१४५७. भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर आत, साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल पाण्यात. तिथून तळाखाली अकराशे मीटरच्या थोडं पुढेपर्यंत भोक नेलं. यू१४५७ मध्ये तर गाळ संपून खालचा बेसाल्टही लागला. हिंदी महासागरातून आलेले हे कोअर, म्हणजे नळीने काढलेले गाळाचे लांब दंडगोल, आता जपानमधल्या कोची प्रांतातल्या भांडारात थंड ठेवलेले असतात.

ही जागा नवशिक्यासाठी चांगली, कारण एका भोकात सगळे प्रकार भेटतात: संथपणे साचलेला चुन्याचा चिखल, सिंधू नदीने आणलेली वाळू, एक अवाढव्य घसरण आणि कोट्यवधी वर्षांचा हरवलेला काळ.

आधी पत्ता

कोअरच्या फोटोवर किंवा नमुन्याच्या पिशवीवर असा काही आकडा असतो: ३५५-यू१४५६ए-१०एच-३, ४५–४७. पहिली मोहीम, मग जागा आणि त्या जागेवरचं भोक. एकाच जागी काही मीटर सरकून ए, बी, सी अशी अनेक भोकं घेतात. १०एच म्हणजे दहावा कोअर, आणि एच म्हणजे तो पिस्टनने मऊ गाळात घुसवून काढलेला. एक्स किंवा आर असेल तर तो फिरत्या पात्याने कापलेला. पुढचा ३ म्हणजे कोअरचा तिसरा तुकडा, आणि शेवटी त्या तुकड्याच्या वरच्या टोकापासून सेंटिमीटर.

पिस्टन कोअर साधारण साडेनऊ मीटर लांबीचा असतो. प्लास्टिकच्या नळीतून बाहेर आला की त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात. समजा दहाव्या कोअरचं वरचं टोक ८५ मीटरवर आहे. तिसऱ्या तुकड्याच्या वर दोन तुकडे, म्हणजे तीन मीटर. त्यात ४५ सेंटिमीटर मिळवा. नमुना ८८.४५ मीटर खोलीचा. हे गणित कागदावर हाताने दहा-बारा वेळा करून बघा. पुढे कुठलाही आलेख बघताना बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कळू लागतं.

मग प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा जपून ठेवायचा, त्याला कुणी हात लावत नाही, त्याचे फोटो आणि वर्णन होतं. दुसऱ्या अर्ध्यातून नमुने काढतात.

काय हाती आलं आणि काय निसटलं

नवशिके ही पायरी हमखास गाळतात. माझ्या मते मात्र इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

दहा मीटर खोदलं म्हणून दहा मीटर कोअर मिळत नाही. कधी सहा मिळतो, कधी दोन. हरवलेले चार मीटर कुठल्या खोलीचे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून मिळालेला माल खोदलेल्या अंतराच्या वरच्या टोकाला लावून ठेवायचा असा शिरस्ता आहे. तो सोयीसाठी आहे. दगडाची ती खरी जागा असेलच असं नाही. शिवाय जे निसटतं ते सरसकट निसटत नाही. चिकट माती टिकते आणि सुटी वाळू नळीतून वाहून जाते. त्यामुळे नुसता कोअर बघितला तर भोकात मातीच माती होती असं वाटतं. प्रत्यक्षात हरवलेला भाग बहुतेक वाळूचा असू शकतो. मिळकत, म्हणजे खोदलेल्यातला हाती आलेला भाग, कमी असलेल्या जागी लॉगवर रिकामी चौकट सोडा. तिथे अंदाजाने रंग भरू नका.

उलटही होतं. खोलवरचा दाब सुटला की मऊ गाळ फुगतो आणि साडेनऊ मीटर खोदून दहा मीटर कोअर येतो. मग एका कोअरचं बूड आणि पुढच्याचं डोकं आकड्यांत एकमेकांवर चढतात. यावर उपाय म्हणून शेजारच्या भोकांमधले कोअर चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते माप) किंवा रंग यांच्या आलेखांवरून जुळवतात आणि त्यातून एक सलग स्तंभ बांधतात. एका जागी अनेक भोकं घेण्याचं मुख्य कारण हेच.

खोदण्यामुळे झालेल्या विद्रूपतेचीही नोंद करा. कोअरच्या सुरुवातीला वरून पडलेले खडे जमतात. पिस्टन कोअरच्या तळाशी गाळ ओढला जाऊन उभ्या रेषा तयार होतात, त्यांना थर समजू नका. फिरत्या पात्याने अर्धवट घट्ट माती कापली की तिच्या चकत्या होतात आणि चकत्यांच्या मध्ये दळलेला चिखल भरतो. खोदकामवाले त्यांना बिस्किटंच म्हणतात. बिस्किटांची रांग नियमित थरांसारखी दिसते, पण ती यंत्राची करणी असते. कडेच्या रेषा खाली वाकलेल्या दिसल्या तर तेही नळीच्या घासण्यानेच झालेलं.

बघा आणि लिहा

आता थर. कोअरच्या शेजारी मोजपट्टी ठेवून वरून खाली जायचं. दर थराला एक ओळ: खोली, रंग, कणांचा आकार, आम्लाला प्रतिसाद, आतली रचना, वरची सीमा, खालची सीमा. ‘टर्बिडाइट’, ‘उथळ समुद्र’, ‘थंड हवामान’ असले शब्द अजून लिहायचे नाहीत. ते अर्थ झाले, आणि अर्थाचा रकाना वेगळा.

रंग ओल्या ताज्या पृष्ठभागाचा घ्यायचा, मन्सेलच्या रंगपत्रिकेशी ताडून. कोरडा पडल्यावर तोच गाळ फिका होतो. नुसता ‘करडा’ हा शब्द पुरत नाही, कारण खोल समुद्रातलं निम्मं जग करडंच असतं.

कणांसाठी तीन आकडे लक्षात ठेवा. ४ मायक्रॉनपेक्षा बारीक ती क्ले, ४ ते ६३ मायक्रॉन सिल्ट, ६३ मायक्रॉन ते २ मिलिमीटर वाळू. बोटांत चोळल्यावर वाळू खरखरते आणि क्ले साबणासारखी निसटते. सिल्ट बोटांना फसवते, तिच्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा.

दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फेसाळलं तर चुना भरपूर. अगदी मंद फसफसलं तर चुना कमी आहे किंवा डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुना, आहे. चुन्याचा चिखल मऊ असेल तर त्याला ऊझ म्हणतात, गाडला जाऊन घट्ट झाला की चॉक, आणखी घट्ट झाला की चुनखडी. कण तेच राहतात, वजन आणि काळ वाढत जातो. म्हणून एकाच भोकात वर ऊझ आणि खाली चॉक दिसला तर समुद्र बदलला असं लगेच लिहू नका.

सीमांकडे विशेष लक्ष द्या. खालची सीमा धारदार आणि वरची पुसट, की दोन्ही पुसट, की दोन्ही धारदार? सगळ्यात जास्त माहिती याच एका नोंदीतून मिळते, आणि बहुतेक वह्यांत तीच नसते. आतल्या रचनेत किड्यांची बिळं शोधा. बिळं असतील तर तळाशी प्राणवायू होता आणि प्राण्यांना खणायला सवड मिळाली होती. बिळं नसतील तर दोन शक्यता: प्राणवायू नव्हता, किंवा गाळ इतक्या झपाट्याने आला की कुणाला जागा करायला वेळच मिळाला नाही.

काचपट्टीवरचा चिखल

टूथपिकच्या टोकावर बसेल इतका गाळ काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवायचा, चिकटवणाऱ्या द्रवाने वरची काच बसवायची. ही झाली स्मिअर स्लाइड. पाच मिनिटांचं काम आहे, पण गाळाचं नाव इथेच ठरतं.

काय दिसतं? नॅनोफॉसिल म्हणजे एकपेशीय शैवालांच्या चुन्याच्या चकत्या, काही मायक्रॉनच्या. त्या ध्रुवित प्रकाशात चमकतात. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं मोठी, त्यांच्या फुगीर खोल्या सहज ओळखू येतात. डायटम आणि रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांचे सांगाडे सिलिकेचे, आम्लाने न विरघळणारे. क्वार्ट्‌झ स्वच्छ, अभ्रकाचे पापुद्रे, फेल्डस्पार थोडा मळकट. आणि कधीमधी काचेचे धारदार, वाकडे तुकडे दिसतात. ती ज्वालामुखीची राख. ती दिसली की आनंदाने उडी मारायला हरकत नाही, कारण राख एका झटक्यात पडते आणि तिचं वय काढता येतं. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख अरबी समुद्रातल्या कोअरमध्येही सापडली आहे.

चुना दिसला नाही तर खोलीचा विचार करा. समुद्रात एका ठराविक खोलीखाली चुन्याची कवचं तळाशी साचण्याआधीच विरघळतात. हिंदी महासागरात ती मर्यादा साधारण चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. लक्ष्मी खोऱ्यातल्या दोन्ही जागा तिच्या वर, म्हणून तिथे ऊझ टिकला.

हा थर इथलाच का?

खोल समुद्रात गाळ तीन वाटांनी येतो.

पहिली वाट वरून खाली, कण कण करत. मेलेल्या सूक्ष्मजीवांची कवचं, वाऱ्याने आणलेली धूळ, पाण्यात तरंगणारी क्ले. याचा वेग हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. असा थर बिळांनी ढवळलेला, फोरॅमिनिफेरांनी भरलेला आणि सीमांना पुसट असतो.

दुसरी वाट उतारावरून, गढूळ प्रवाहाने. खंडाच्या काठावरचा गाळ हलला की पाण्यात मिसळून तो तळालगत शेकडो किलोमीटर धावतो. हे माणसाला नीट कळलं ते १९२९ मधल्या एका घटनेवरून. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या ग्रँड बँक्सजवळ भूकंप झाला आणि समुद्रतळावरच्या बारा तारवाहिन्या तुटल्या. त्यातल्या बऱ्याच भूकंपानंतर तासातासाने, उताराच्या क्रमाने तुटत गेल्या. तळावरून काहीतरी धावत गेलं होतं. अशा प्रवाहाने टाकलेला थर म्हणजे टर्बिडाइट. १९६२ मध्ये आर्नोल्ड बाउमा यांनी त्याचा क्रम मांडला: खाली धारदार सीमेवर जाड वाळू, तिच्यावर आडव्या रेषांची वाळू, मग लहरींच्या खुणा, मग बारीक रेषांची सिल्ट आणि शेवटी माती. प्रत्येक थरात पाचही भाग मिळतीलच असं नाही. उगमापासून दूर बहुतेकदा वरचेच भाग पोचतात.

हे घरी करून बघा. कृष्णेच्या काठचा ओंजळभर गाळ आणि थोडी वाळू पारदर्शक बाटलीत घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू काही सेकंदांत बसते, सिल्टला बराच वेळ लागतो आणि क्ले दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. कणाचा व्यास दहापट लहान झाला की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो, इतका हा फरक मोठा. आता दुसऱ्या बाटलीत तोच गाळ घेऊन पाण्यात दोन चमचे मीठ टाका. तिथलं पाणी लवकर नितळतं. खारट पाण्यात क्लेचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. नदी समुद्राला मिळते तिथे नेमकं हेच घडतं.

लक्ष्मी खोऱ्यात वाळूचे थर मुख्यतः सिंधूचे. अभ्रक, क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार. हिमालय आणि काराकोरमची झीज. ती वाळू तिथे केव्हा जास्त पोचली हे समुद्राच्या पातळीवरही ठरतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन काळात, पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. नद्या तेव्हा खंडाच्या कडेपर्यंत जात आणि वाळू थेट उतारावर पडे. पातळी चढली की वाळू उथळ भागातच अडकते आणि खोलवर ऊझला मोकळं रान मिळतं. म्हणून वाळू वाढली की लगेच ‘पाऊस वाढला’ असं लिहू नका. आधी पातळीचा विचार करा.

तिसरी वाट सगळ्यात फसवी. घाटात पावसाळ्यात दरड कोसळते तसे समुद्राखालचेही उतार कोसळतात, फक्त आकार कल्पनेपलीकडचा असतो. मोहीम ३५५ मध्ये दोन्ही जागांवर अशाच एका घसरणीचा माल लागला, एका ठिकाणी तीनशे मीटरहून जाड, दुसरीकडे दोनशेच्या आसपास. तिला नटराज घसरण म्हणतात. वय सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं. एकूण आकारमानाचा अंदाज १९ हजार घन किलोमीटर, म्हणजे कोयना धरणाच्या १०५ टीएमसी साठ्याच्या सहा हजार पटींहून अधिक.

आता समजा हे तुम्हाला ठाऊक नाही आणि समोर कोअर आहे. गडद करडी माती, मग हिरवट चुन्याचा वाळूखडक, मग चुनखडीचे कोनदार तुकडे, त्यात उथळ पाण्यात राहणाऱ्या जिवांची कवचं. सरळ वाचलं तर निष्कर्ष निघतो की इथला समुद्र एकेकाळी उथळ होता. तो चूक आहे. पुरावे थरातच असतात. तुकडे कोनदार आहेत, म्हणजे लाटांनी झिजलेले नाहीत. आडव्या असायला हव्यात त्या रेषा तिरप्या, दुमडलेल्या. मातीत घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग. एकाच हातभर लांबीत वेगवेगळ्या काळांचे जीवाश्म, कधी जुने वर आणि नवे खाली. आणि वर-खाली संथ खोल पाण्याचा गाळ. इतकं सगळं जुळलं की कळतं, हे भारताच्या पश्चिम काठावरून, सौराष्ट्राच्या बाजूच्या उतारावरून निसटून आलेलं आहे.

गाळ कुठला, यासाठी क्लेची खनिजंही मदत करतात. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आठवा. ती करामत स्मेक्टाइट या क्लेची, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. बेसाल्ट कुजून ती भरपूर तयार होते. हिमालयाकडून येणाऱ्या गाळात इलाइट आणि क्लोराइट या दुसऱ्या क्ले जास्त. क्ष-किरण विवर्तनाने हे प्रमाण मोजतात. स्मेक्टाइट वाढली आणि तिच्याबरोबर चुंबकीय ग्रहणशीलताही वाढली, तर दख्खनच्या कातळावरून, म्हणजे नर्मदा-तापीसारख्या नद्यांतून आलेल्या मालाचा संशय घ्यायचा. फक्त स्मेक्टाइटवर विसंबू नका, ती राखेपासूनही बनते.

वय

खोली म्हणजे काळ नव्हे. दोन मीटरची वाळू एका दिवसात आलेली असू शकते आणि तिच्यावरच्या वीस सेंटिमीटर ऊझला दहा हजार वर्षं लागलेली असू शकतात.

वयासाठी दोन साधनं आधी शिका. एक जीवाश्म. एखादी जात पृथ्वीवर केव्हा आली आणि केव्हा संपली याची कोष्टकं आहेत. नवशिक्याला डिस्कोअॅस्टर आवडतात, कारण ताऱ्याच्या आकाराचे हे नॅनोफॉसिल पटकन ओळखू येतात. त्यांची शेवटची जात सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी संपली. खाली जाताना ते भरपूर दिसू लागले की तुम्ही त्या काळाच्या मागे गेलात. पण एखादाच झिजका तारा वरच्या गाळात दिसला तर तो जुन्या खडकातून वाहून आलेला असतो. नियम असा की थर आपल्यातल्या सर्वांत तरुण जीवाश्मापेक्षा जुना असू शकत नाही, मात्र तो जीवाश्म खोदताना वरून पडलेला नाही याची खात्री हवी.

दुसरं चुंबकीय उलटापालट. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वी शेवटचे पालटले. त्याआधीची एक मोठी खूण सुमारे २५ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. समजा पहिली खूण तुमच्या कोअरमध्ये ७७.३ मीटरवर मिळाली. सरळ भागाकार केला तर हजार वर्षांत दहा सेंटिमीटर. आता त्या ७७.३ मीटरमध्ये टर्बिडाइटचे थर मोजा. ते तीस मीटर भरले तर संथ गाळ उरतो ४७.३ मीटर, आणि त्याचा वेग जेमतेम सहा सेंटिमीटर. दोन्ही आकडे लिहा. सरासरी वेग सांगताना तो कशाचा हे न सांगणं ही दिशाभूल आहे.

मग हरवलेला काळ. यू१४५७ मध्ये घसरणीच्या मालाखाली तपकिरी-हिरवट चिखलखडक आहे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या पॅलिओसीन काळातला, आणि त्याखाली बेसाल्ट. वर एक कोटी, खाली सहा कोटी, मधली सुमारे पाच कोटी वर्षं एका रेषेत. आपल्या घाटांत दोन लाव्ह्यांच्या मध्ये जो तांबड्या मातीचा पट्टा दिसतो तो असाच थांबलेला काळ दाखवतो, फक्त तिथली थांबण्याची मुदत खूपच छोटी. लॉगवर अशी जागा नागमोडी रेषेने काढतात. ती सरळ रेषेने काढली तर बघणाऱ्याला तो साधा बदल वाटेल.

तारेवरची मापं

खोदून झाल्यावर भोकात तारेने उपकरणं सोडून गॅमा किरण, घनता, ध्वनिवेग, विद्युतरोध मोजतात. कोअर निसटला त्या जागा इथे भरून निघतात. गॅमा जास्त म्हणजे माती, कमी म्हणजे वाळू, असं पुस्तकात असतं. ते क्वार्ट्‌झच्या स्वच्छ वाळूला लागू. सिंधूच्या वाळूत अभ्रक आणि फेल्डस्पार, त्यांच्यात पोटॅशियम, म्हणून वाळूही गॅमा दाखवते. उलट बेसाल्टपासून आलेल्या स्मेक्टाइटमध्ये पोटॅशियम कमी, म्हणून माती असूनही आकडा खाली राहू शकतो. गॅमाच्या बाजूला घनता आणि ध्वनिवेग ठेवूनच वाचा.

कोअर नसेल, चुराच असेल तर

तेल-वायूच्या विहिरींत कोअर क्वचित काढतात, कारण तो महाग पडतो. मुंबई हायसारख्या ठिकाणी भूशास्त्रज्ञ बहुतेक वेळ चुरा वाचतो. आटपाडी-जतकडे बोअर मारताना भोकाशेजारी पडणारा चुरा तुम्ही पाहिलाच असेल. रंग बदलला की मशीनवाला सांगतो की मुरूम संपला, कातळ लागला. तत्त्व तेच, फक्त खोल विहिरीत चुरा वर यायला वेळ लागतो. पंपाने खाली सोडलेला पातळ चिखल तो चुरा घेऊन वर येतो. भोकातून वर येणाऱ्या या चिखलाचं आकारमान १२० घनमीटर आणि पंप मिनिटाला २ घनमीटर ढकलत असेल, तर चुरा तासाभराने वर येणार. तासाला दहा मीटर खोदकाम चालू असेल तर आत्ता हातात आलेला चुरा दहा मीटर वरचा आहे. शिवाय वरच्या भिंतीतले तुकडे ढासळून मिसळतात. म्हणून चुऱ्यात खाली जाताना एखादी गोष्ट पहिल्यांदा कुठे दिसली ते महत्त्वाचं, शेवटची कुठे दिसली यावर भरवसा नाही. जॉइडीस रेझोल्यूशनसारख्या जहाजावर ही सोयच नव्हती. तिथे समुद्राचं पाणी वापरून खोदत आणि चुरा तळावरच सांडत असे, त्यामुळे कोअर हाच एकमेव पुरावा.

सरावाला

सुरुवात नदीकाठाने करा. कृष्णेच्या पात्रालगत कुठे उभा कडा तुटलेला असेल तर तिथे दोन मीटर उंचीचा पट्टा खुरप्याने खरवडून ताजा करा आणि वरून खाली लॉग काढा. पुराचे थर, मधली मुळं, वाळूच्या चिंधोट्या. दरड ढासळत असेल तिथे उभे राहू नका आणि पावसाळ्यात तर तिकडे जाऊच नका. दोघं असाल तर उत्तम: एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल.

मग मोहीम ३५५ च्या अहवालातून एखाद्या कोअरचे फोटो उतरवून घ्या. सुरुवातीला वरच्या शंभर मीटरमधला निवडा, तिथे थर स्पष्ट असतात. एकास दहा प्रमाणात आलेख कागदावर काढा: डावीकडे खोली, मग मिळकत, मग कणांचा आकार रुंदीने, मग रचना, सीमा, आणि सगळ्यात उजवीकडे अर्थाचा रकाना पेन्सिलीने. जहाजावरच्यांनी केलेलं वर्णन तोपर्यंत उघडू नका. तुमचा लॉग पूर्ण झाला की ते शेजारी ठेवा, आणि जिथे दोघांत फरक पडेल त्या सेंटिमीटरचा फोटो मोठा करून पुन्हा बघा. काही ठिकाणी तुम्हाला चकती आणि थर यांतला फरक कळलेला नसेल. काही ठिकाणी मात्र घाईत लिहिणाऱ्यांच्या नजरेतून एखादी बारीक रेषा सुटलेली असेल, आणि ती तुम्ही टिपलेली असेल.